दुसऱ्या नंबरचा नारळ

निवडणुकीत हरलेला माणूस दोन दिवस तोंड लपवतो, आठवडाभर शिव्या देतो आणि मग मुकाट्यानं कापसाला लागतो. आदिलाबादकडच्या बोरदरीचे उत्तमराव कापसाला लागले नाहीत. ते ओसरीवर बसून राहिले आणि आपण हरलोच कसे याचा रोज नव्यानं शोध घेऊ लागले.

त्यांची निशाणी अंगठी, चंपतरावाची कात्री. कात्रीनं अंगठी अकरा मतांनी कापली. अकरा मतं म्हणजे काय हो? लग्नाच्या पंगतीत तेवढी माणसं नुसती हात धुवायला उठतात. बरं, हरवणारा परका असता तर देवाला दोष देऊन गप्प बसता आलं असतं. पण चंपतराव त्यांचा सख्खा साडू. उत्तमरावांची राहीबाई आणि चंपतरावाची जयवंताबाई एका आईच्या लेकी. भावाभावांच्या वैराला निदान वाटणीचं कारण लागतं. साडूंना तेवढंही लागत नाही. सासऱ्यानं दुसरा जावई केला, एवढं पुरतं.

एक समाधान मात्र होतं. सरपंचकी गेली तरी पंचांत उत्तमरावांचीच माणसं जास्त निवडून आली होती. उपसरपंच पंचांनी निवडायचा, आणि तोही निकालाच्या दिवशीच. त्यांच्या बाजूच्या दोघातिघांना त्या पदाची उबळ आली होती, आणि तिथंच उत्तमरावांचं डोकं चाललं. होतकरू माणसाला खुर्ची दिली की पुढच्या खेपेला तो आपल्याच समोर अर्ज भरतो. म्हणून त्यांनी सगळ्या होतकरूंना बाजूला सारून डोमाजीचं नाव पुढं केलं.

डोमाजी हा त्यांच्या ओसरीवरचा कायमचा माणूस. त्याचा सकाळचा चहा तिथं, पान तिथं आणि दुपारची डुलकीही तिथंच. त्याच्या वॉर्डात दुसऱ्या कोणी अर्जच भरला नाही म्हणून तो बिनविरोध पंच झाला होता.

"उपसरपंचाले काम काय रायते?" त्यानं विचारलं.

"बसाचं," उत्तमराव म्हणाले.

"थे जमते मले," डोमाजी म्हणाला, आणि उपसरपंच झाला.

तर अशा या डोमाजीनं एका दुपारी, डुलकी झाल्यावर, उत्तमरावांना जत्रेतल्या कुस्त्यांची आठवण करून दिली. या भागात गावोगावच्या जत्रांत नारळाच्या कुस्त्या होतात. त्यांचा कायदा शेंबड्या पोरालाही पाठ असतो. जिंकलेल्या पैलवानानं अंगाला तेल चोळलंय असं निघालं, की त्याच्या हातातला नारळ काढून घ्यायचा आणि चीत झालेल्याच्या हातात द्यायचा. चीत झालेला मग पाठीची माती झटकतो, फेटा बांधून घेतो आणि खांद्यावर बसून गावभर मिरवतो.

"चंपतरावाच्या आंगाले तेल हायच ना," डोमाजी म्हणाला.

"कोनतं तेल?"

"तिसरं लेकरू."

उत्तमरावांनी आधी आतल्या दाराकडं पाहिलं. दार लोटलेलं होतं.

तेव्हा कायदाच तसा होता. दोनाहून जास्त लेकरं असणाऱ्याला पंचायतीची निवडणूक लढवता येत नसे. आता इकडं ती अट उठली आहे, पण तेव्हा होती, आणि भल्याभल्यांना तिनं घरी बसवलं होतं. चंपतरावानं अर्जात भूषण आणि वैभव अशी दोनच मुलं दाखवली होती. ते खोटं होतं असंही नाही आणि खरं होतं असंही नाही. कारण त्याला तिसरं लेकरू झालं होतं, मुलगी, आणि ती उत्तमरावांच्या घरात वाढत होती. तिचं नाव दामिनी.

राहीबाईला मूल होत नव्हतं. नवस झाले, नागपूरचे डॉक्टर झाले, एका बाबाचा अंगाराही झाला. अखेर जयवंताबाईला तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा तिनं आपण होऊन ती बहिणीच्या ओटीत घातली. मारुतीच्या पारावर गाव जमलं. कागद नाही, शिक्का नाही. नारळ फोडला डोमाजीनं, आणि रीतीचे शब्दही तोच बोलला: "आजपासून हे पोर उत्तमरावाचं. याच्याउपर जो कोनी हिच्या जुन्या घराचं नाव काढीन, त्याचं मारुती पाहून घेईन."

बोरदरी हे काही फार रीतीभातीचं गाव नव्हे. नळाच्या रांगेत तिथं रोज दोन घागरी फुटतात. पण ही एक रीत गावानं जिवापाड सांभाळली. दामिनी सतरा वर्षांची झाली. शाळेत, रेशन कार्डावर, सगळीकडं तिचा बाप म्हणून उत्तमरावच. एवढ्या वर्षांत कोणाच्या तोंडून चुकून शब्द गेला नाही, भांडणातसुद्धा नाही. दामिनीला स्वतःला ठाऊक होतं का? होतं. घरातल्या मुलींना सगळं ठाऊक असतं. तरी ती चंपतरावाला मावसा म्हणे आणि उत्तमरावांना बाबा, आणि त्या हाकेसरशी उत्तमराव जेवताना एक भाकर जास्त खात. तिच्या पायात काटा गेला तर लंगडत हे. बेला गावच्या शाळेत तिला सोडायला मोटारसायकलवर जात आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेरच्या टपरीवर बसून राहत. माया खरीच होती. पण समोर खुर्ची दिसली की उत्तमरावांना आजूबाजूचं काही दिसत नसे, आणि हा रोग काही त्यांच्या एकट्याचा नव्हे.

"तू साक्ष देशीन?" त्यांनी डोमाजीला विचारलं.

डोमाजीनं दोन्ही कानांना हात लावले. "नाई बापा. नारळ म्या फोडला, शब्द म्या देल्ला. मले कसं बोलता येईन? तुमचं तसं नाई. तुमी बाप होय तिचे. बापाचं तोंड कोन धरते?"

हे उत्तमरावांना पटलं. माणसाला जे पटवून घ्यायचं असतं ते पटायला वेळ लागत नाही.

राहीबाईला कळलं तेव्हा ती मागच्या वाडीतून वांगी तोडून आली होती. टोपली तिनं खाली ठेवली नाही, तशीच कमरेवर धरून उभी राहिली.

"पोर घेताना दोन्ही हात पसरले होते तुमी," ती म्हणाली. "आता त्याच हातानं ढकलून राह्यले?"

"ढकलतो कुठं? कोर्टात म्हनाची गोष्ट हाय नुसती. कोर्टातलं कोर्टात राह्यते, घरातलं घरात."

"मंग सरपंचकीबी कोर्टातच करा," राहीबाई म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

आदिलाबादला उद्धवराव नावाचे जुने वकील होते. त्यांच्या मराठीत निजामाच्या कचेरीतली उर्दू अजून मुरलेली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि सांगितलं, "मुकदमा पक्का हाय. कायदा जन्म मोजते, ओटी मोजत नाई. पोरगी त्याची हाय हे साबीत झालं, का चंपतरावाची निवडणूक रद्द."

"म्हंजे थो जाईन?"

"जाईन."

उत्तमराव उठले. मग बसेल कोण, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, कारण जत्रेत तो कोणी विचारत नाही. आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची वकिलांत पद्धत नाही.

तारखा पडत गेल्या. चंपतराव तिकडं खुर्चीवर बसून गल्लीत सिमेंटचा रस्ता करत होता आणि उत्तमराव इकडं त्या रस्त्यावरून आदिलाबादची बस धरायला जात होते. शेवटी साक्षीचा दिवस उजाडला. त्या दिवशी राहीबाई न सांगता तयार होऊन दारात उभी राहिली, आणि तिच्यामागं दामिनी.

"तुवं काय काम तेथं?" उत्तमराव म्हणाले.

"माया बाप कोन हाय ते ठरून राह्यलं, अन् मी घरी बसू?" दामिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर उत्तमरावांनी दटावलं असतं.

मुनसफसाहेब, म्हणजे न्यायाधीश, तेलुगू होते. साक्षीदार मराठीत बोलायचा आणि शेजारी उभा असलेला कारकून ते तेलुगूत करून सांगायचा. त्यामुळं त्या दिवशी कोर्टात जे काही झालं ते दोनदा झालं.

उत्तमराव पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ घेतली. उद्धवरावांनी विचारलं, "दामिनी तुमची मुलगी हाय का?"

"नाई," उत्तमराव म्हणाले. "दामिनी मायी मुलगी नाई. चंपतरावाची हाय."

"कूतुरु कादू," कारकुनानं तेलुगूत सांगितलं. मुलगी नाही. साहेबांनी लिहून घेतलं.

मग चंपतराव उभा राहिला. त्याचा पांढरा सदरा कडक इस्त्रीचा होता आणि आवाज त्याहून कडक. त्यानंही शपथ घेतली. "मले दोनच पोरं हायत, साहेब. भूषण अन् वैभव. दामिनी मायी मुलगी नाई. उत्तमरावाची हाय. सारं गाव सांगीन."

"कूतुरु कादू," कारकून म्हणाला. त्याला या खेपेला डोकं खाजवावं लागलं नाही, वाक्य तेच होतं.

एका लेकरावर दोघांनी हक्क सांगितला आणि न्यायाधीशाला तलवार मागवावी लागली, अशा गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथं तलवारीचं काम नव्हतं. इथं दोन धडधाकट बाप, दोघंही धुतलेल्या कपड्यांत, देवाची शपथ घेऊन पोरगी एकमेकांच्या अंगावर लोटत होते, आणि तेही कुठल्या मोठ्या तख्तासाठी नव्हे. बोरदरीच्या पंचायतीत सरपंचाला बसायला एक निळी प्लास्टिकची खुर्ची आहे. तिचा एक पाय तारेनं बांधलेला आहे.

मुनसफसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मरि तंड्रि एवरु?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"साहेब पुसून राह्यले," कारकून म्हणाला, "का मंग बाप कोन?"

कोर्टात हशा पिकला. वकील हसले, पट्टेवाला हसला. उत्तमरावही हसले, कारण सगळे हसतात तेव्हा माणूस हसतो. हसता हसता त्यांची नजर शेवटच्या बाकाकडं गेली. राहीबाई पदराआड होती. दामिनी समोर पाहत होती, एका बापाकडं आणि मग दुसऱ्याकडं. उत्तमरावांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी वाळलं. त्यांना वाटलं, उठून पुढं जावं, म्हणावं की साहेब, खोडा ते, पोरगी माझीच आहे. पण ते उठले नाहीत. पुढची साक्ष महत्त्वाची होती.

पुढची साक्ष जयवंताबाईची. तिला नवऱ्यानं काय पढवून आणलं होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिला विचारलं, "दामिनी कोणाची मुलगी?"

"राहीची हाय," ती म्हणाली, आणि चंपतरावानं श्वास सोडला. "ओटीत म्या घातली तं राहीचीच हाय. पन होती मायाच पोटात. नऊ महिने वागवली साहेब, नाई कशी म्हनू? खुर्ची राहो का जावो. म्या नाई म्हनलं तं पोरीनं जावं कुठं?"

हे तेलुगूत सांगताना कारकुनाला थांबावं लागलं. आणि खटल्याचा निकाल खरं तर तिथंच लागला. दोन बापांनी जी गोष्ट एकमेकांच्या गळ्यात मारायचा आटापिटा केला, ती एका बाईनं चार वाक्यांत स्वतःकडं ओढून घेतली. चंपतरावानं मात्र घरी जाताना तिला जीपच्या मागच्या सीटवर बसवलं आणि वाटभर तो तिच्याशी बोलला नाही.

फैसला लागला त्या दिवशी उत्तमराव पूर्ण तयारीत होते. आदिलाबादहून झेंडूचे हार आणवले होते. 'लोकनेते उत्तमराव यांचे हार्दिक अभिनंदन' असा फ्लेक्स छापून गुंडाळून ठेवला होता. चंपतरावाची निवडणूक रद्द, एवढे शब्द कानावर पडताच त्यांनी कोर्टाच्या पायरीवरून डोमाजीला फोन लावला.

"गेला रे. डीजे लाव."

"लावतो," डोमाजी म्हणाला.

उत्तमराव गावात पोचले तेव्हा पंचायतीपुढं गर्दी होती, डीजे वाजत होता आणि पोरं नाचत होती. उत्तमरावांनी फेटा सारखा केला आणि ते आत गेले. आत कार्यदर्शी, म्हणजे पंचायतीची सचिव, हर्षाली बसली होती. ती नेरडीगोंड्याची, गेल्या वर्षीच पंचायतीचं काम पाहायला इथं आलेली.

"मंडळाच्या कचेरीतून फोनवर हुकूम आला, काका," ती म्हणाली. "नवीन निवडणूक होईपर्यंत कारभार उपसरपंचाकडं."

उत्तमरावांना वाटलं, पोरगी नवी आहे, चुकली असेल. "थो कायचा उपसरपंच? दोन नंबरले मी होतो. सारं गाव पाह्यलं."

"गावानं पाह्यलं म्हनूनच ना, काका. कोर्टानं चंपतरावाले काढलं. तुमाले लोकांनी पाडलं होतं, ते कोर्टानं कुठं फिरवलं? दोन नंबरवाल्याले खुर्ची भेटत नाई. फिरून मतं होतीन, तवा उभे राहा."

"मंग जत्रेत?" उत्तमराव म्हणाले.

"जत्रेचं मले ठाऊक नाई," हर्षाली म्हणाली.

उत्तमरावांनी डोमाजीकडं पाहिलं. डोमाजी भिंतीला टेकून उभा होता, नेहमीसारखाच, अर्धवट झोपेतून उठल्यासारखा.

"तूच सांगतलं होतं," उत्तमराव म्हणाले.

"म्या कुस्तीचं सांगतलं होतं, बापा. पंचायतीचं कुठं सांगतलं?" असं म्हणून डोमाजी निळ्या खुर्चीपाशी गेला, तारेनं बांधलेला पाय हातानं चाचपला आणि हळूच टेकला. "बसाचंच काम हाय म्हनलं होतं तुमी."

हा माणूस पहिल्यापासूनच पोचलेला होता, का नुसत्या त्याच्या नशिबानं सगळं जुळून आलं, यावर बोरदरीत अजून दोन तट आहेत. पण एक गोष्ट दोन्ही तटांना मान्य आहे. त्यानं मारुतीसमोर दिलेला शब्द चारचौघांत मोडला नाही. तोंड उघडलं ते बापांनी, आणि खुर्ची मिळाली ती तोंड न उघडणाऱ्याला.

"हार वाया जातीन," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. तेव्हा उत्तमरावांनीच आणलेला पहिला हार उत्तमरावांच्याच हातात दिला गेला. नाही म्हणावं तर माणूस हरलेला दिसतो. त्यांनी तो डोमाजीच्या गळ्यात घातला, फोटो निघाला, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. फ्लेक्स पुढं डोमाजीच्या गोठ्यावर गळत्या जागी गेला, तोंड खाली करून.

घरी जाताना उत्तमरावांना पहिल्यांदाच गावाचा आवाज वेगळा वाटला. गल्लीच्या कोपऱ्यावर बयनाबाई तूर पाखडत बसली होती. नारळ फुटला त्या दिवशी पारावर तीही होती, आणि त्यानंतर सतरा वर्षं तिनं जीभ आवरली होती. आता कोणासाठी आवरायची? खुद्द बापानंच शपथेवर जुन्या घराचं नाव काढलं होतं.

"उत्तमराव," सूप न थांबवता ती म्हणाली, "साडूची पोरगी तुमच्याच घरी राह्यते का आता, का गेली आपल्या घरी?"

ते मान खाली घालून चालत राहिले. पुढच्या ओट्यावरच्या बायकांनी काही विचारलं नाही, पण त्या बोलायच्या थांबल्या, आणि ते पुढं गेल्यावर पुन्हा सुरू झाल्या.

ओसरीवर डोमाजीची नेहमीची जागा रिकामी होती. उत्तमराव तिथं बसले. फेटा काढला. आत राहीबाई भांडी लावत होती, तिनं बाहेर पाहिलं नाही. थोड्या वेळानं दामिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती रोजच आणायची.

"घ्या, मावसा," ती म्हणाली.

उत्तमरावांचा हात तांब्यापर्यंत गेला होता, तिथंच थांबला.

"काय म्हनलं?"

"मावसा म्हनलं."

"बाबा म्हन, पोरी. थे कोर्टातलं होतं. कोर्टातलं कोर्टात राह्यते."

"मी बी तेथंच होती," दामिनी म्हणाली. "तुमी मराठीत नाई म्हनले तवा मले वाटलं, आयकाची चूक झाली. मंग कारकुनानं तेच तेलुगूत सांगतलं." तिनं तांब्या त्यांच्या पुढ्यात ओसरीवर ठेवला. "माया आया दोन हायत. दोघीबी हो म्हनतेत. अन् मावसे दोन हायत. बाप नाई मले."

ती आत गेली आणि राहीबाईच्या हातातली भांडी घेऊन लावू लागली. उत्तमराव पाणी प्याले नाहीत. पंचायतीकडून डीजेचा आवाज येतच होता. तो अंधार पडेपर्यंत वाजला पाहिजे, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं.